तात्पुरत्या घरातली मुलं

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि पूर्वेकडून येणाऱ्या माणसांचा ओघ एकाएकी आटला होता. कारखान्यांना हात हवे होते. करारात मुक्कामाची मुदत दोन वर्षं घातली होती. दोन वर्षं काम करायचं, परत जायचं, त्या जागेवर दुसरा येईल. इस्तंबूलच्या जर्मन भरती कार्यालयात डॉक्टर उमेदवारांचे दात बघत, लघवी तपासत. पास झालेला माणूस सिर्केजी स्टेशनवर आगगाडीत बसे आणि म्युनिकच्या अकरा नंबर फलाटावर उतरे. बायकामुलांना आणण्याची मुभा मूळ करारात नव्हती.

तीनच वर्षांत, १९६४ मध्ये, दोन वर्षांची अट गेली. ती काढून टाका असा आग्रह जर्मन कारखानदारांचाच होता. शिकवून तयार केलेला माणूस घालवायचा आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, हे त्यांना परवडेना. अट कागदावरून गेली, पण कुणाच्या मनातून गेली नाही. ही माणसं आज ना उद्या जाणार, असं सरकार धरून चाललं. ‘अजून दोन वर्षं, मग जाऊ’ असं कामगार एकमेकांना आणि स्वतःला सांगत राहिले. असं करता करता तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांत मुलं जन्मली, शाळेत गेली, मोठी झाली. हे पुस्तक त्या मुलांविषयी आहे.

स्थलांतरितांच्या मुलांचा विषय निघाला की ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली’, ‘धड इथली ना धड तिथली’ अशी वाक्यं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. मला ती पटत नाहीत. मूल दोन भाषा, दोन तऱ्हेची जेवणं, दोन तऱ्हेचे सणवार सहज पेलतं. सोलापुरात पूर्वभागातल्या घरांत तेलुगू बोलणारी मुलं मराठी शाळेत जातात, गल्लीत दोन्ही भाषा मिसळून भांडतात, आणि त्यांना कुणी कात्रीत सापडलेली म्हणत नाही. मुलाला पेलत नाही ते वेगळंच असतं. आपण इथे राहणार आहोत की जाणार आहोत, हे घरातल्या मोठ्यांनी आणि बाहेरच्या सरकारने वर्षानुवर्षं ठरवलंच नाही, तर त्या न ठरवण्याचं ओझं मुलाच्या पाठीवर येतं. जर्मनीतल्या तुर्की मुलांची हकिकत वाचताना हे पदोपदी दिसतं, आणि म्हणूनच ती मला एवढी महत्त्वाची वाटते.

सुरुवात पाठीमागे राहिलेल्या मुलांपासून करावी लागते. तुर्कस्तानातून नुसते पुरुष गेले असं आपण गृहीत धरतो, पण तसं नव्हतं. बर्लिनच्या टेलिफुंकन, सीमेन्ससारख्या कंपन्यांना नाजूक जुळणीच्या कामाला बायका हव्या होत्या. कितीतरी विवाहित बायका नवऱ्याच्या आधी, एकट्या गेल्या, आणि कामगार वसतिगृहात एका खोलीत चौघीसहाजणी राहू लागल्या. त्यांची मुलं अनातोलियातल्या खेड्यात आजीजवळ वाढली. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, एक बाई चॉकलेटं आणि नवे कपडे घेऊन यायची, तीन-चार आठवडे राहायची आणि निघून जायची. मुलाच्या लेखी आई म्हणजे आजीच. मग एका वर्षी त्याला सांगितलं जाई की आता तुला या बाईबरोबर जायचंय. बॅग भरून इकडून तिकडे, तिकडून इकडे पाठवलेल्या अशा मुलांना जर्मनीत पुढे ‘सुटकेसची मुलं’ असं नावच पडलं. काही मुलांच्या अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या. जन्म जर्मनीत, पाळणाघर परवडेना म्हणून दुसऱ्या वर्षी गावी, सातव्या वर्षी शाळेसाठी परत, बाराव्या वर्षी ‘आता जायचंच आहे’ म्हणून पुन्हा गावी.

आईबापांना दोष देणं सोपं आहे. पण यातले बरेचसे निर्णय त्यांच्या हाती नव्हतेच. नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलसंकटाच्या दिवसांत, जर्मनीने परदेशी कामगारांची भरती बंद केली. माणसं कमी व्हावीत हा हेतू होता. झालं उलटं. गावी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर जो तो जागचा हलेना, आणि राहायचंच तर बायकामुलांना आणू, असं घरोघर ठरलं. पाठोपाठ १९७५ च्या जानेवारीपासून बालभत्त्याचा नियम बदलला. जर्मनीत राहणाऱ्या मुलासाठी पूर्ण भत्ता, गावी राहणाऱ्यासाठी कमी. पगार बेताचे, मुलं तीन-चार. हजारो कुटुंबांनी हिशेब केला आणि मुलांना बोलावून घेतलं. कोणतं मूल कुठल्या देशात, कुठल्या भाषेत वाढणार हे भत्त्याच्या कोष्टकाने ठरवलं, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पुढे १९८१ च्या अखेरीस मुलांना आणण्याची वयोमर्यादा अठरावरून सोळावर आली, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळा अर्धवट सोडायला लावून घाईघाईने विमानात बसवलं गेलं. त्या वयात नव्या भाषेत शाळा सुरू करणं काय असतं, हे शिक्षकांना विचारावं.

शाळेचा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण या सगळ्या गोष्टीचं मर्म तिथे आहे. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते. त्या काळी हुशार समजल्या गेलेल्यांनी गिम्नाझियममध्ये जायचं, तिथून विद्यापीठात. मधल्यांनी रेआलशूलेत. बाकीच्यांनी हाउप्टशूलेत, आणि तिथून पंधरा-सोळाव्या वर्षी कारागिरीच्या उमेदवारीला. दहा वर्षांच्या मुलाचं पुढचं आयुष्य शिक्षकाच्या एका शिफारशीवर बरंचसं ठरायचं. जे मूल आठव्या वर्षी गावाहून आलं, ज्याची जर्मन अजून अडखळते, त्याची शिफारस कुठली होणार? तुर्की मुलं मोठ्या संख्येने हाउप्टशूलेत गेली, आणि पुष्कळशी तीही पुरी न करता बाहेर पडली.

याच्या जोडीला दुसरा प्रकार होता, तो मला जास्त बोचतो. बव्हेरियासारख्या राज्यात तुर्की मुलांसाठी वेगळे वर्ग काढले गेले, तिथे बहुतेक विषय तुर्कीत शिकवले जात. वरवर पाहता मातृभाषेतून शिक्षण, आपल्याला आवडावं असं. पण हेतू होता तो मुलांची परतीची तयारी करून घेण्याचा. ती मुलं परत गेली नाहीत. शाळा संपली तेव्हा ती ज्या शहरात राहत होती तिथे त्यांना नोकरी मागण्यापुरतीही जर्मन येत नव्हती. मातृभाषेच्या शिक्षणाची मी जन्मभर कैवारी आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण झाकून ठेवू नये असं मला वाटतं. मातृभाषेचा वर्ग मुलाला जवळ घेण्यासाठी आहे की दाराजवळ बसवून ठेवण्यासाठी, हे आधी पाहावं लागतं.

आणि एवढ्या सगळ्यातून काही मुलं वर आलीच. उगूर शाहीन १९६५ साली इस्केन्देरुन या बंदराच्या गावी जन्मला, चार वर्षांचा असताना आईबरोबर कोलोनला आला. वडील फोर्डच्या कारखान्यात होते. चौथीनंतर त्याची शिफारस हाउप्टशूलेची झाली. शेजारच्या एका जर्मन गृहस्थांनी मध्ये पडून रदबदली केली, म्हणून तो गिम्नाझियममध्ये गेला. पुढे डॉक्टर झाला, संशोधक झाला, आणि पत्नी ओझलेम तुरेजी हिच्यासह त्याने काढलेल्या बायोएनटेक कंपनीने २०२० मध्ये करोनावरची लस तयार केली. ही गोष्ट जर्मनीत अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्तही आहे. पण मला प्रत्येक वेळी त्या शेजाऱ्याची आठवण होते. ज्यांच्या शेजारी असे गृहस्थ राहत नव्हते ती मुलं कुठे गेली, याची नोंद कुठेच नाही.

घरात मात्र हीच मुलं मोठ्यांची मोठी होती. परदेशी नागरिक कचेरीत, घरमालकाकडे, दवाखान्यात आईवडिलांबरोबर जायचं काम घरातल्या जर्मन येणाऱ्या मुलाकडे असे. दहा वर्षांची मुलगी शाळा बुडवून खिडकीशी उभी आहे, पलीकडचा अधिकारी तिच्याकडे न बघता बोलतो आहे, ‘वास्तव्याचा परवाना एक वर्षानेच वाढवला जाईल’ हे तिला बापाला सांगायचं आहे, आणि बापाने रागाने काढलेला शब्द अधिकाऱ्याला सांगायचा नाही, हेही तिने आपलं आपण ठरवायचं आहे. आईच्या पोटदुखीची चौकशी डॉक्टर करतो तेव्हा त्या मुलीला जे शब्द उच्चारावे लागतात ते तिच्या घरात कुणी उच्चारत नाही. या पिढीतल्या माणसांनी मोठेपणी लिहिलेल्या-सांगितलेल्या आठवणींत हा प्रसंग थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. त्यात लाज आहे तशी ऐटही आहे. आपल्यावाचून घर चालत नाही, ही ऐट. बाप मात्र आपल्या मुलीसमोर तोंड मिटून उभा आहे. त्याचा घरातला वचक त्या खिडकीपाशी कमी होतो, आणि संध्याकाळी घरी तो दुप्पट कडक होतो. संस्कृतीचा संघर्ष म्हणून ज्याची एवढी चर्चा झाली, त्यातला बराच भाग या खिडकीपाशी सुरू झाला, असं माझं मत आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सारं कुटुंब गाडी काढून गावी निघे. फोर्ड ट्रान्झिटच्या टपावर गालिचे, शिलाई मशीन, टीव्हीची खोकी दोरीने बांधलेली. ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया आणि मग एदिर्नेजवळची कापिकुले सरहद्द. तीन दिवस, तीन रात्री, बाप एकटा गाडी चालवणारा. त्या रस्त्यावर अपघातात फार माणसं गेली. गावी पोचल्यावर, वर्षभराच्या कमाईतून उठणाऱ्या घराची पाहणी होई. या वर्षी पहिला मजला, पुढच्या वर्षी खिडक्या. जर्मनीतलं घर मात्र भाड्याचं, जुन्या वस्तीतलं, जेमतेम सामानाचं. चांगली भांडी, चांगल्या चादरी गावच्या घरासाठी बांधून ठेवलेल्या. त्यामुळे ज्या घरात मूल वर्षातले अकरा महिने राहत होतं ते घर आईबापांच्या लेखी घरच नव्हतं.

१९८३ साली हेल्मुट कोल यांच्या सरकारने परत जाणाऱ्यांना रोख रक्कम देऊ केली. बेकार झालेल्या किंवा कारखाना बंद पडलेल्या कामगाराला १०,५०० मार्क, शिवाय प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क. मुदत थोडी होती. त्या वर्ष-दीड वर्षात लाखोंनी तुर्की माणसं परतली, आणि त्यांच्याबरोबर जर्मनीत वाढलेली मुलंही. आईबाप परत गेले खरे, पण मुलं परत गेली नाहीत. ती परदेशी गेली. इझ्मिर, अंकारा, इस्तंबूलच्या शाळांत त्यांचं तुर्की ऐकून वर्गातली मुलं हसत. ‘आलमांजी’, म्हणजे जर्मनीवाले, ही हाक त्यांच्या मागे लागली. सकाळी रांगेत उभं राहून घोषणा द्यायच्या, शिक्षक आत आला की ताठ उठायचं, प्रश्न विचारायचा नाही. कोलोनच्या शाळेत जे ‘तुर्क’ म्हणून मागे बसले होते ते इथे ‘जर्मन’ म्हणून मागे बसले. या मुलांविषयी जर्मन आणि तुर्की या दोन्ही भाषांत फार उशिरा लिहिलं गेलं.

जे राहिले त्यांना १९९० नंतरचं दशक भयंकर गेलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये म्योल्न इथे आणि २९ मे १९९३ च्या रात्री झोलिंगेन इथे तुर्की कुटुंबांची घरं पेटवून दिली गेली. झोलिंगेनला त्या आगीत गेन्च कुटुंबातल्या पाच जणींचा जीव गेला. त्यांतली सर्वांत लहान चार वर्षांची होती. पाचही जणींना तुर्कस्तानात अमास्या प्रांतातल्या मेर्जिमेक या गावी नेऊन पुरलं. मेव्ल्यूदे गेन्च यांनी त्या रात्री दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली, आणि तरी त्या सुडाची नव्हे तर सलोख्याची भाषा बोलत राहिल्या. दोन वर्षांनी त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं. या घटनेवर काय लिहावं मला कळत नाही. एवढंच दिसतं की तीस वर्षं जो निर्णय लोंबकळत होता तो या बाईने सर्वांत अवघड क्षणी घेऊन टाकला.

त्यानंतरच्या मुलांचा सूर बदलला. १९९५ मध्ये न्यूर्नबर्ग, कील, बर्लिनच्या तुर्की पोरांनी ‘कार्टेल’ नावाने रॅपचा अल्बम काढला. त्याच वर्षी फेरिदून झैमोग्लू यांचं ‘कानाक श्प्राक’ हे पुस्तक आलं. ‘कानाक’ ही परदेश्यांना द्यायची शिवी. ती त्यांनी थेट मुखपृष्ठावर छापली. हॅम्बुर्गला जन्मलेल्या फातिह अकिन यांच्या चित्रपटाला २००४ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं. १९९४ मध्येच चेम ओझदेमीर संसदेत निवडून गेले होते. ही मुलं आता परवानगी मागत नव्हती.

कायदा मात्र रेंगाळतच आला. १ जानेवारी २००० पासून जर्मनीत जन्मणाऱ्या परदेशी मुलांना, आईबापांच्या वास्तव्याच्या काही अटी घालून, जन्मतः नागरिकत्व मिळू लागलं, पण त्याला एक कलम जोडलेलं होतं. अठरा ते तेवीस या वयात मुलाने ठरवायचं की जर्मन पासपोर्ट ठेवायचा की आईबापांच्या देशाचा. ठरवलं नाही तर जर्मन नागरिकत्व जाणार. आईबापांनी आणि सरकारने जो प्रश्न चाळीस वर्षं सोडवला नाही तो आता वीस वर्षांच्या पोराने पाच वर्षांत सोडवायचा. २०१४ च्या डिसेंबरात ही अट बहुतेकांसाठी गेली, आणि २७ जून २०२४ पासून जर्मनीने दोन नागरिकत्वं सरसकट मान्य केली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, गेल्झेनकिर्शेनला जन्मलेल्या, जर्मनीला फुटबॉलचा विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातल्या मेसुत ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. तुर्की राष्ट्राध्यक्षांबरोबरच्या एका छायाचित्रावरून वादळ उठलं होतं. ते छायाचित्र काढायला नको होतं असं मलाही वाटतं. पण संघ जिंकला की मी जर्मन, हरला की परका, हे जे त्याने निवेदनात मांडलं ते खोटं होतं असं म्हणण्याची माझी छाती नाही.

मराठी वाचकाने हे सगळं का वाचायचं? मी पुण्यात जर्मन शिकवते. पूर्वी वर्गात इंजिनिअर आणि संशोधनाला जाणारी मुलं असत. आता नर्सिंग झालेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, हॉटेलात काम केलेले तरुण असतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि तेव्हापासून लातूर, अहिल्यानगर, जळगावकडचे फोन वाढले आहेत. यांतल्या पुष्कळांची लग्नं झालेली आहेत, काहींची मुलं बालवाडीत आहेत. मुलांचं काय ठरवलंत, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आधी आपण जाऊन बघू, मग आजीकडून आणू.’ १९६१ च्या करारातली माणसं याहून वेगळं काही म्हणत नव्हती. परिस्थिती तेव्हाची नाही हे खरं. आज कुटुंबाला व्हिसा मिळतो, मूल रोज रात्री आजीला व्हिडिओवर दिसतं, म्युनिक-फ्रँकफुर्टला मराठी मंडळं गणपती बसवतात. पण मनातला तात्पुरतेपणा व्हिडिओ कॉलने जात नाही. अमेरिकेतही तेच आहे. ग्रीनकार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या आईबापांची मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांचा आश्रित म्हणून मिळालेला व्हिसा संपतो. तिथेच पहिलीपासून शिकलेल्या मुलाला नवा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर ज्या देशात तो कधी नीट राहिला नाही तिथे ‘परत’ यावं लागतं.

आपल्या मुलांपुढे आणखी एक पेच आहे, जो तुर्की मुलांपुढचा सुटला. जर्मनीने दोन पासपोर्ट मान्य केले, भारताने केलेले नाहीत. आईबापांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीर राहिला असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर तिथे जन्मलेलं मराठी मूल जन्मतःच जर्मन नागरिक होतं, आणि मग भारतीय पासपोर्ट त्याला जवळ बाळगता येत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ते गावी कधीही येऊ शकेल, पण इथे मत देऊ शकणार नाही, शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही. गावी चार एकर घेऊन ठेवू, पोरं येतील पुढेमागे, असा बेत करणाऱ्यांनी हे आधीच नीट समजून घेतलेलं बरं.

या पुस्तकाची काही प्रकरणं मी वर्गात वाचून दाखवली. त्यानंतर जे प्रश्न आले ते अगदी व्यवहारातले होते. चौथीनंतरच्या शिफारशीला हरकत घेता येते का? सहा वर्षांच्या मुलाला जर्मन आधी शिकवून न्यावं की तिथे शाळेतच शिकू द्यावं? मराठी लिहा-वाचायला कुठे शिकवतात, आणि शनिवार-रविवारची ड्यूटी असेल तर मुलांना तिथे नेणार कोण? एका नर्सने विचारलं, की आजीला पर्यटक व्हिसावर नव्वदच दिवस राहता येतं, तर नाइट ड्यूटी लागली की तान्ह्या मुलाला कोण सांभाळणार. या शेवटच्या प्रश्नावर वर्गात पुष्कळ वेळ चर्चा झाली. सहाजणींनी वह्या काढून नवऱ्याच्या आणि आपल्या पाळ्या मांडून पाहिल्या, आणि दोघींनी त्याच आठवड्यात जाण्याची तारीख बदलली, मुलांना पहिल्याच विमानाने बरोबर नेता यावं म्हणून.